पनामा कालव्याची क्रूझ: ठाणे-नवी मुंबईहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

बहुतेक घरांत या सहलीची सुरुवात भाड्याच्या आकड्यापासून होते आणि गडबड तिथेच होते. भाडं बघण्याआधी तीन गोष्टी ठरवा: जहाज कालवा पूर्ण ओलांडणार की निम्म्यातून परतणार, कोणत्या दिशेने जाणार, आणि जुन्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांतून, जाणार की नव्या. व्हिसा, लस, विमानाचं तिकीट आणि केबिनची बाजू हे सगळं या तीन उत्तरांवरून ठरतं. साठीच्या पुढचे आई-बाबा बरोबर असतील तर दिशेचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो. त्याचं कारण लसीच्या भागात येईल.

मुंबईकरांना खरं तर सुएझ जवळचा. तो १८६९ मध्ये सुरू झाला, १९३ किलोमीटर लांब आहे आणि त्यात एकही लॉक नाही. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि क्रूझ कंपन्यांनी तिथल्या फेऱ्या रद्द केल्या किंवा आफ्रिकेला वळसा घातला. सुएझची फेरी घ्यायचीच असेल तर मार्ग बदलल्यास किती पैसे परत मिळतात ते आधी वाचा. पहिली कालवा-क्रूझ मात्र पनामाचीच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण जहाज डोंगरावर चढतं आणि उतरतं हे दृश्य सुएझमध्ये नाही.

जहाज चढतं कसं

लॉकची कल्पना समजायला लांब जायला नको. मुंबई बंदरातली इंदिरा गोदी, म्हणजे पूर्वीची अलेक्झांड्रा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाली. पनामा कालवाही त्याच वर्षीचा, १५ ऑगस्ट १९१४ चा. ओहोटीला गोदीतलं पाणी उतरू नये म्हणून इंदिरा गोदीच्या तोंडाशी २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद लॉक बांधलेला आहे. जहाज आत घ्यायचं, मागचा दरवाजा लावायचा, पाणी आतल्या पातळीला आणायचं आणि पुढचा दरवाजा उघडायचा. पनामातही हेच होतं, फक्त पायऱ्या जास्त आहेत.

कालवा सुमारे ८० किलोमीटरचा. अटलांटिकच्या बाजूने गातून लॉकच्या तीन पायऱ्या चढून जहाज समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवरच्या गातून तलावात येतं. हा तलाव चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेला आहे. पुढे डोंगर कापून काढलेली कुलेब्रा खिंड, मग पेद्रो मिगेलची एक पायरी, एक छोटा तलाव आणि मिराफ्लोरेसच्या दोन पायऱ्या उतरून पॅसिफिक. कुठेही पंप नाही. तलावाचं गोडं पाणी भिंतींच्या पोटातल्या बोगद्यांमधून स्वतःच्या भारानेच खाली येतं आणि एक कप्पा साधारण दहा मिनिटांत भरतो. एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. म्हणूनच २०२३-२४ मध्ये पाऊस कमी पडला तेव्हा रोजच्या जहाजांची संख्या घटवावी लागली होती.

मिराफ्लोरेसचे समुद्राकडचे दरवाजे सगळ्यात उंच आहेत. पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक सहा मीटरपर्यंत जातो, अटलांटिकच्या बाजूला तो जेमतेम अर्धा मीटर असतो. ठाण्याच्या खाडीचा चिखल दिवसातून दोनदा उघडा पडताना पाहिला असेल तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

पूर्ण की निम्मी

पूर्ण फेरी साधारण दोन आठवड्यांची असते. फ्लोरिडातलं मायामी किंवा फोर्ट लॉडरडेल हे एक टोक आणि कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिस किंवा सॅन दिएगो हे दुसरं. निम्मी फेरी दहा-अकरा दिवसांची. ती फ्लोरिडातून निघते, गातूनच्या तीन पायऱ्या चढून तलावात येते, सहलीवाल्यांना उतरवते आणि त्याच पायऱ्यांनी परतते.

निम्म्या फेरीत विमानाचं जाऊन-येऊन तिकीट स्वस्त पडतं आणि रजा कमी लागते. पण कुलेब्रा खिंड, पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस जहाजावरून दिसत नाहीत. त्यासाठी जहाजाच्याच सहलींमध्ये छोट्या बोटीने पॅसिफिकच्या बाजूचे लॉक पार करून बसने परत आणणारी सहल असते का ते पाहा. ती लवकर भरते, त्यामुळे बुकिंग उघडल्याच्या आठवड्यात घ्या. तलावात सहसा जहाजाच्या सहलीचं तिकीट असलेल्यांनाच उतरवतात. स्वतंत्र टॅक्सी ठरवून ठेवलेली माणसं इथे अडकतात.

इतका लांबचा प्रवास आणि इतका खर्च होणारच असेल तर पूर्ण फेरी घ्या. चार दिवस वाचवून अर्धा कालवा सोडण्यात अर्थ नाही.

जुना लॉक की नवा

जुने कप्पे ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. त्यांत जास्तीत जास्त ३२.३ मीटर रुंदीचं जहाज बसतं, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सव्वा मीटरही जागा उरत नाही. २६ जून २०१६ ला सुरू झालेले नवे कप्पे ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. जुन्या लॉकमध्ये भिंतीवरच्या रुळांवरून विजेची इंजिनं चालतात, त्यांना म्यूल म्हणतात. ती जहाज ओढतात असा समज आहे, तो चुकीचा. जहाज स्वतःच्या इंजिनाने पुढे सरकतं. म्यूल तारा ताणून त्याला मधोमध धरतात, भिंतीला घासू देत नाहीत. नव्या लॉकमध्ये म्यूल नाहीत, जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या टग बोटी आहेत. तिथले दरवाजे पाखांसारखे न उघडता बाजूला सरकतात, आणि शेजारच्या टाक्यांमुळे साठ टक्के पाणी पुन्हा वापरलं जातं.

पहिल्या वेळी जुनाच लॉक निवडा. त्यासाठी जहाजाचं नाव शोधून त्याची रुंदी बघा. ३२.३ मीटरपेक्षा जास्त असेल तर ते नव्या लॉकने जाणार. कोरल प्रिन्सेस आणि आयलंड प्रिन्सेस ही जहाजं जुन्या लॉकच्या मापाची आहेत. लहान जहाज म्हणजे केबिन कमी, आणि केबिन कमी म्हणजे आधी बुकिंग, हेही लक्षात असू द्या.

दिशा आणि पिवळ्या तापाची लस

हा भाग नीट वाचा, कारण परत येताना मुंबई विमानतळावर याच कारणाने माणसं थांबवली जातात.

पनामा आणि कोलंबिया हे दोन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या, म्हणजेच पिवळ्या तापाच्या, यादीत आहेत. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आता दिशा बघा. फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाकडे जाणारं जहाज कोलंबिया आणि पनामा आधी करतं, मग मध्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याने आठ-नऊ दिवसांनी पोहोचतं. सहा दिवस जहाजावरच संपतात. उलट दिशेला कालवा आणि कोलंबियातलं कार्ताहेना बंदर शेवटी येतात, तिथून दोन-तीन दिवसांत फ्लोरिडा आणि लगेच विमान. मुंबईत उतरता तेव्हा चौथा-पाचवा दिवस असतो. निम्म्या फेरीतही बहुधा हीच गत. दिवस मोजताना किनाऱ्यावर उतरला नाहीत तरी कालव्यातून जाणं म्हणजे पनामात असणंच धरा.

लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. पण पहिल्यांदाच ती घेणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसाला गंभीर त्रासाची शक्यता जास्त असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार असेल तर ती देत नाहीत. डॉक्टरांनी नको म्हणून लिहून दिलं तरी त्या चिठ्ठीने विलगीकरण टळेलच असं नाही. म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाकडे जाणारी फेरी घ्या आणि मधल्या बंदरांचे लसीचे नियम क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा. काही देश कोलंबियाहून येणाऱ्यांकडे हेच प्रमाणपत्र मागतात.

ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. ठाणे-नवी मुंबईकरांना बहुधा मुंबईतच जावं लागतं. आधी वेळ घ्या आणि मूळ पासपोर्ट न्या. प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर नाव, पासपोर्ट क्रमांक, लसीचा बॅच क्रमांक आणि शिक्का तिथेच उभं राहून तपासा. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी, लस नंतर, नाहीतर पुस्तिकेवर जुना क्रमांक राहतो.

हाच पीतज्वर आणि मलेरिया यांनी १८८१ ते १८८९ मधल्या फ्रेंच प्रयत्नात हजारो मजूर नेले. सुएझ बांधणारे फर्डिनांड द लेसेप्स इथे हरले त्यामागे डोंगराइतकेच डासही होते.

व्हिसा आणि नावाचा घोळ

अमेरिकेचा मल्टिपल एंट्री पर्यटक व्हिसा, म्हणजे बी१/बी२, याच्याशिवाय ही सहल होत नाही. जहाज फ्लोरिडातूनच निघून तिथेच परतलं तरी मध्ये परदेशी बंदरं झालेली असतात, त्यामुळे तुम्ही अमेरिकेत दुसऱ्यांदा शिरता. अमेरिकी नागरिकांना काही फेऱ्यांत पासपोर्टची सूट असते, ती वाचून आपल्याला लागू आहे असं समजू नका.

मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: पासपोर्टला सहलीनंतर किमान सहा महिने मुदत आहे ना ते बघणं, मग डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, मग व्हिसा, आणि मगच परत न मिळणारे पैसे. त्याआधी केबिन धरायची असेल तर परत मिळणारं डिपॉझिट घ्या. मुंबईत दोन फेऱ्या होतात: एक बोटांच्या ठशांसाठी, दुसरी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीला. ठाण्याहून मध्य रेल्वेने या किंवा नेरूळ-वाशीहून हार्बरने, उतरायचं कुर्ल्यालाच. वकिलातीत मोबाइल चालत नाही. तो घरी किंवा बाहेर थांबणाऱ्या माणसाकडे ठेवा.

हा व्हिसा असला की पनामा, कोलंबिया, कोस्टा रिका, मेक्सिको इथे भारतीयांना सवलत मिळते, पण अटी सारख्या नाहीत. कुठे व्हिसा आधी एकदा वापरलेला लागतो, कुठे त्याची ठराविक मुदत शिल्लक लागते. नव्या कोऱ्या व्हिसावर जाणाऱ्यांनी मार्गातल्या एकेका देशाबद्दल विचारावं. जहाजावर चढू द्यायचं की नाही हे बंदरावर क्रूझ कंपनी ठरवते, त्यामुळे तिचं लेखी उत्तर प्रिंट काढून बरोबर ठेवा.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. क्रूझचं बुकिंग करताना कुणी मधलं नाव गाळतं, विमानाला ते घालतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या कागदांत तर तीन प्रकार सापडतात. पासपोर्टवर जे छापलं आहे तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा.

महिना आणि हवा

क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. पनामात डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडं असतं, एरवी रोज एखादी जोरदार सर येते. उकाडा आणि घाम आपल्या मे महिन्यासारखाच. कॅरिबियनमध्ये वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. आमची पसंती जानेवारी-फेब्रुवारीला. एप्रिलमध्ये कॅरिबियनमधून अलास्काकडे निघालेली जहाजं कालव्यातून जातात, ती बरेचदा स्वस्त मिळतात.

समुद्र लागण्याची भीती कालव्यात नाही, तलाव शांत असतो. त्रास मेक्सिकोच्या तेवान्तेपेकच्या आखातात होतो. तिथे हिवाळ्यात डोंगरातल्या खिंडीतून वारा जोरात सुटतो. कधीच जहाजात बसला नसाल तर आधी मुंबईहून गोव्याची दोन-तीन रात्रींची क्रूझ करून बघा. उलटीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. डॉक्टरांना विचारून ती बरोबर ठेवा.

पैसे

जाहिरातीतलं भाडं दोन माणसांच्या केबिनमध्ये माणशी असतं. त्यावर बंदर शुल्क आणि कर, रोजची टीप (बहुतेक मोठ्या कंपन्यांत माणशी सोळा ते वीस डॉलर), इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, विमान, हॉटेल आणि विमा येतात. एजंटकडे पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते, ती बजेटमध्ये धरा. उरलेले सगळे पैसे साधारण नव्वद दिवस आधी भरावे लागतात, आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात वाढत जाते.

जहाजावरच्या खात्याला डेबिट कार्ड देऊ नका. रोज अंदाजाने रक्कम अडवली जाते आणि सहल संपल्यावरही ती मोकळी व्हायला दिवस लागतात. क्रेडिट कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार घरूनच चालू करून घ्या. समुद्रात रेंज नसते, ओटीपी येत नाही. विम्यात आणीबाणीत जहाजावरून उचलून नेण्याचा खर्च आणि आधीचे आजार धरलेत का ते बघा. अमेरिकेतल्या उपचारांचा खर्च पाहता एक लाख डॉलरपेक्षा कमी संरक्षण घेऊ नये.

पूर्ण फेरीला विमानाचं ‘मल्टी-सिटी’ तिकीट काढा: मुंबई ते मायामी, लॉस एंजेलिस ते मुंबई. दोन वेगळी एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात. जहाज सुटण्याच्या आधी निदान दोन रात्री तिथे पोहोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही आणि पुढच्या बंदरावर गाठायला त्या देशाचे नियम आडवे येतात. परतीचं विमान उतरण्याच्या दिवशी दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

सामान आणि जेवण

इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, छोटा राइस कुकर, तापणारं काहीही जहाजावर चालत नाही. बंदरावरच काढून घेतात. घरी केलेले डबेही सहसा चालत नाहीत. खाखरा, चिवडा, भडंग, थेपले न्यायचेच असतील तर कंपनीची बंद पाकिटं घ्या, अमेरिकेत उतरताना फॉर्मवर खाण्याचं सामान जाहीर करा आणि बंदरावर खाली नेऊ नका. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून पक्कं करा. उपासाला साबुदाणा मिळणार नाही. उकडलेला बटाटा, फळं, दही मिळतं. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

केबिनची बाजू आणि प्रत्यक्ष दिवस

अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज पश्चिमेला जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते आग्नेयेला जातं, कारण पनामाची जमीन तिथे आडवी वळलेली आहे. त्यामुळे या दिशेला डाव्या बाजूच्या बाल्कनीत दुपारी सावली असते, आणि उलट दिशेला उजव्या. पण फक्त कालव्यासाठी बाल्कनीचे जास्त पैसे देऊ नका. तो दिवस डेकवरच जातो.

पहाटे पाचच्या सुमारास डेकवर या. कालव्याचा पायलट, म्हणजे तिथली वाट जाणणारा जहाजाचा वाटाड्या, चढतो आणि इथे जहाजाचा ताबा कप्तानाकडून खरोखरच त्याच्याकडे जातो. बरीच जहाजं या दिवशी पुढच्या टोकाचा एरवी बंद असलेला डेक उघडतात. गातूनची पहिली पायरी तिथून पाहा. दरवाजे मिटताना दिसतात, म्यूलची घंटा ऐकू येते. दुसऱ्या पायरीला खालच्या फिरायच्या डेकवर जा. कठड्यापलीकडे हात-दीड हातावर ओली काँक्रीटची भिंत असते, शेवाळाचे हिरवे-काळे ओघळ उतरलेले. ती भिंत हळूहळू खाली सरकू लागते, तेव्हा आपण वर चाललोय हे कळतं. इंजिनाचा आवाज वाढत नाही, हिसका बसत नाही. तिसऱ्या पायरीला सगळ्यात मागे जा. मागे सोडलेला समुद्र तीन पायऱ्या खाली दिसतो.

तलावाचे दोन-तीन तास जेवायला आणि झोपायला. कुलेब्रा खिंडीच्या आधी परत वर या. पेद्रो मिगेल दुपारी एक-दोनला, मिराफ्लोरेस त्यानंतर, आणि साधारण चार-पाचला १९६२ चा ब्रिज ऑफ द अमेरिकाज डोक्यावरून जातो. धुक्याने किंवा पुढच्या जहाजाने वेळ दोन तास इकडे-तिकडे होतो. टोपी, पाण्याची बाटली आणि पातळ रेनकोट जवळ ठेवा. छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही.

घरच्यांनाही हे बघता येतं. गातून आणि मिराफ्लोरेसला कालवा प्राधिकरणाचे वेबकॅम आहेत. पनामा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे तिकडे सकाळी सात म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच. अटलांटिककडून जाणार असाल तर गातून चहाच्या वेळेला दिसेल, मिराफ्लोरेससाठी मात्र घरच्यांना रात्री साडेबाराचा गजर लावावा लागेल. निघण्याआधी जहाजाचं नाव आणि तारीख त्यांना लिहून द्या, आणि वेळ सांगताना जहाजाची नव्हे, पनामाची सांगा. दोन्ही घड्याळांत कधी कधी एक तासाचा फरक असतो.